ऑकलार्नीची मधली खिडकी

मायसी इमलाक मला पहिल्यांदा दिसली ती ओल्या चादरीचं एक टोक धरून उभी असलेली. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. मी कुंपणापलीकडून चालले होते. तिने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. नुसतं "धर" म्हणाली. मी कुंपण ओलांडलं, दोघींनी मिळून चादर ताणली, झटकली, दोरीवर टाकली. मग कुठे ती म्हणाली, "हेक्टरची नवी बायको ना तू? मासेवाल्यांची पोर? हाताला जोर आहे तुझ्या."

एकोणीसशे एकसष्ट सालचा मार्च होता तो. मी तेवीस वर्षांची, फ्रेझरबरा या बंदराच्या धक्क्यावर वाढलेली. शेतावरच्या लोकांना आमच्या अंगाला माशांचा वास येतो असं वाटतं, आणि आम्हाला त्यांच्या अंगाला शेणाचा. मायसी पन्नाशीची होती. पहिले सहा महिने मी तिला मिसेस इमलाक म्हणत असे. शेवटी तीच वैतागली. "मिसेस इमलाक माझी सासू. ती गेली त्याला वीस वर्षं झाली, पण तू हाक मारलीस की मी अजून मागे वळून बघते. मायसी म्हण."

ती आणि तिचा नवरा डॉड ऑकलार्नी नावाच्या जुन्या जहागिरीच्या धुलाईघरात राहत. तिथलं मोठं घर मी पाहिलं ते छप्पर नसलेलंच. चार मजले उंच भिंती, चुन्याचा खडबडीत गिलावा जागोजागी सुटून आतला तांबूस दगड उघडा पडलेला. दोन्ही टोकांच्या भिंतींचे माथे पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत धुराड्याला भिडलेले. खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसायचं. पण घरामागच्या चौकाभोवतीची बाकीची बांधकामं शाबूत होती. गाड्या ठेवायच्या कमानी, गवताचा माळा असलेला तबेला, गोठा, उत्तरेच्या सावलीतलं दूधघर, टेकाडावरचा गोल कबुतरखाना. सगळ्यांत पश्चिमेला धुलाईघर आणि त्याच्यापुढे वाळवणाची हिरवळ. या सगळ्यांवर पाटीच्या दगडाची छपरं होती. ती टिकली होती डॉडमुळे. तो छपरं शाकारणारा. एखादी पाटी सरकली तर ती पडायच्या आत त्याला कळायचं.

मायसीचा जन्म तबेल्याच्या माळ्यावरच्या खोलीतला. बाप घोडे सांभाळायचा, आई मोठ्या घराचे कपडे धुवायची. तेराव्या वर्षी शाळा सोडून मायसी आईच्या हाताखाली आली. तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाणी तापवायचं, चादरी उकळायच्या, पिळायच्या, हिरवळीवर वाळत घालायच्या. दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर मोठ्या घराची पश्चिमेची भिंत असायची. त्या घरातल्या प्रत्येक उशीचा अभ्रा, प्रत्येक टेबलक्लॉथचा डाग तिला ठाऊक होता. पण ती स्वयंपाकघराच्या पुढे कधी गेली नव्हती. बाहेर काम करणारी माणसं पुढे जात नसत. कोणी अडवायचं असं नाही. जात नसत, इतकंच.

त्या भिंतीत सगळ्यांत वर तीन खिडक्या होत्या. संध्याकाळी ऊन आलं की दोन्ही बाजूंच्या काचा पेटल्यासारख्या दिसायच्या. मधली कधीच नाही. मधल्या खिडकीत कधी दिवा दिसला नाही, कधी कोणी हवेसाठी ती उघडली नाही. त्या वेळी घरात मालकीणबाई मिस इनीस एकट्याच राहत, त्याही पूर्वेकडच्या दोन खोल्यांत. पश्चिमेचा भाग बंदच असे. लहानपणापासून मायसीला वाटायचं, एकदा, फक्त एकदा, त्या मधल्या खिडकीत उभं राहून खाली बघावं. आपलं धुलाईघर वरून कसं दिसतं, वाळत घातलेल्या चादरी कशा दिसतात, आई एवढीशी दिसते का.

"वेडेपणा होता," ती मला म्हणायची. "पण तू समुद्राकडे बघत वाढलीस. माझ्यासमोर ती भिंत होती. माणसाला बघायला काहीतरी लागतंच."

तिसाव्या सालच्या वसंतात डॉड इमलाक बॅन्फहून आला. वादळात पश्चिमेच्या धुराड्याजवळच्या पाट्या उडाल्या होत्या. दोन शिड्या एकाला एक बांधून तो थेट वर चढायचा आणि शीळ घालत काम करायचा. मायसी एकोणीस वर्षांची. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. खालून ओरडून तिने विचारलं, "अहो पाटीवाले! त्या मधल्या खिडकीतून आत काय दिसतं?"

डॉड शिडीवर थांबला. खिडकीकडे बघितलं, खाली तिच्याकडे बघितलं.

"खोली दिसते," तो म्हणाला.

"खोली असणारच! कसली खोली?"

"घाई आहे मला. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की भिंतींना निळा कागद आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी, एक लोखंडी पलंग आहे, लहान, मुलाचा असावा. मग फळीवर शिंपले, मग खिडकीशी ओढून ठेवलेली खुर्ची. पाट्यांचं काम चार दिवसांचं होतं. ते तीन आठवडे चाललं. मिस इनीस एकदा बाहेर येऊन म्हणाल्या म्हणे, "इमलाक, तुम्ही नवं घर बांधताय का?"

बत्तीस साली त्यांचं लग्न झालं. मायसीची आई थकली होती, धुलाईघर मायसीकडेच आलं, डॉड तिथेच राहायला आला. आणि ती खोलीही त्यांच्याबरोबर राहायला आल्यासारखी झाली. हिवाळ्यात विस्तवाशी बसून ओटच्या भाकऱ्या भाजता भाजता मायसी विचारायची, "खुर्चीचं कापड कसलं रे?" आणि डॉड सांगायचा. ती खोली मिस इनीसच्या धाकट्या भावाची. तो बोअर युद्धात मारला गेला, तेव्हापासून खोली तशीच बंद. खिडकीला आतून जाड पडदा, म्हणून ऊन परतत नाही. किल्ली एकट्या बाईंकडे. म्हणून कोणाला विचारायचं नाही, त्यांना दुःख होईल. मायसीने कधी कोणाला विचारलं नाही. त्यांना मूल झालं नाही. तिने एकदाच मला सांगितलं की त्या पलंगाचा ती जरा जास्तच विचार करायची.

मिस इनीस एकोणपन्नासमध्ये गेल्या. घर भाच्याकडे गेलं, तो दक्षिणेत राहणारा. त्याने सामानाचा लिलाव पुकारला, आणि त्या दिवशी घराचं पुढचं दार सगळ्यांसाठी उघडं होतं. पंचक्रोशी लोटली. मायसी स्वच्छ एप्रन बांधून, केस नीट करून निघाली. दिवाणखान्यापर्यंत गेली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात डॉडने दंड धरला.

"वर नको. वरचा जिना कुजलाय."

"लोक जाताहेत की!"

"ते पूर्वेकडे जाताहेत. पश्चिमेची जमीन मी खालून बघितलीय. मायसी, ऐक माझं. तू खाली पडलीस तर माझ्या चादरी कोण धुणार?"

ती हसली आणि मागे फिरली. पुढे अठ्ठावीस वर्षं त्या एका पायरीचा तिला पश्चात्ताप होत राहिला.

कारण त्रेपन्न साली घराचं छप्परच उतरवलं. तेव्हा सगळीकडे असंच चाललं होतं. छप्पर असलं की घरपट्टी, छप्पर नसलं की सुटका. भाच्याने पत्र पाठवलं. काम डॉडलाच दिलं, कारण त्याच्याइतकं ते छप्पर दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. त्याने नाही म्हटलं असतं तर बाहेरचे आले असते आणि पाट्या फोडून टाकल्या असत्या. म्हणून त्याने एकेक पाटी हाताने सोडवली, चांगल्या निवडून गोठ्यावर आणि कमानींवर बसवल्या. सहा आठवडे. मायसी सांगायची, त्या सहा आठवड्यांत तो शीळ विसरला. जेवायला बसायचा आणि चमचा हातात तसाच धरून बसून राहायचा. मग लाकडं गेली, जमिनी गेल्या, जिने गेले, खिडक्या चौकटींसकट गेल्या. घर आतून पोकळ झालं.

फक्त ती मधली खिडकी राहिली. दोन्ही बाजूंनी आभाळ, आणि मध्ये काच, पांढऱ्या पट्ट्यांच्या आठ चौकोनांत.

"ती का नाही काढली?" मायसीने विचारलं.

"भिंत तोलून धरलीय तिने," डॉड म्हणाला. "ती काढली तर वरचं धुराडं खाली येईल. मागून बांधून टाकलीय."

हे सगळं मी येण्याआधीचं. मी पाहिलं ते एवढंच की दर एप्रिलमध्ये, पहिल्या कोरड्या आठवड्यात, डॉड दोन शिड्या बांधून त्या भिंतीवर चढायचा. धुराड्यात कावळे घरटी करतात, ती काढली नाहीत तर दगड सुटतात, असं म्हणायचा. मायसीला तो दिवस मुद्दाम बाजाराला पाठवायचा. "वर बघत बसतेस आणि मला घाबरवतेस." साठीला आला तरी चढायचा. मी हेक्टरला म्हटलं, "म्हातारा पडेल एक दिवस." हेक्टर म्हणाला, "डॉड? तो शिडीवरच जन्मला असणार."

तो शिडीवरून पडला नाही. एकाहत्तरच्या नोव्हेंबरमध्ये छातीत सर्दी उतरली आणि दहा दिवसांत गेला. मायसी रडताना मी पाहिली नाही. ती चादरी धूत राहिली. आता मोठं घर नव्हतं, पण गावातल्या दोन खाणावळींच्या चादरी तिच्याकडे यायच्या. मी रोज सकाळी घड्या घालायला जायचे. कधीमधी ती हात थांबवून वर बघायची.

"खिडकी मळलीय बघ," एकदा म्हणाली. "काच अंधुक झालीय. दरवर्षी जास्तच. घरात माणूस नसलं की काचेलाही कळतं."

मी मान डोलावली. मला तरी काय ठाऊक होतं?

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात एडिंबराहून रोना ट्विडी नावाची मुलगी आली. जुन्या घरांची मापं घेऊन नकाशे करणारी. तिशीची असेल, पुरुषी पँट, मोठा आवाज. ऑकलार्नीच्या भिंती पडू नयेत म्हणून काहीतरी करायचं ठरलं होतं. तिने पश्चिमेच्या भिंतीला परांची बांधून घेतली. मायसीवर तिचा फार जीव जडला. रोज दुपारी चहाला यायची आणि कबुतरखान्यात घरट्यांचे कप्पे किती, दूधघराचं दार उत्तरेलाच का, असलं काहीबाही विचारायची. मायसी सगळं सांगायची. त्या दिवशी मीही तिथे होते. टेबलावर मऊ रोट्या होत्या, लोणी होतं.

"मायसी, एक गंमत सांगते," रोना तोंडात घास ठेवूनच म्हणाली. "ती वरची मधली खिडकी आहे ना, आंधळी, तिच्यावरचा रंग..."

"आंधळी म्हणजे?" मायसीने विचारलं.

"खोटी हो. खिडकी नाहीच ती. दगडात खाच ठेवून वर खिडकीचं चित्र रंगवलंय. काळ्यावर पांढऱ्या पट्ट्या. त्या भिंतीत मध्येच धुराड्याच्या नळ्या वर जातात, तिथे खिडकी पाडणार कशी? पण दोन खिडक्यांच्या मध्ये मोकळं दिसायला नको, म्हणून. बांधणाऱ्यांची जुनी रीत आहे ती."

मायसीने कप खाली ठेवला. रोनाचं लक्ष नव्हतं.

"पण गंमत अशी, रंग जुना नाहीये! वरचा थर फार तर सात-आठ वर्षांपूर्वीचा. आणि त्याच्याखाली थरावर थर. मी सुरीने खरवडून मोजले, चाळीसच्या आसपास आहेत. घराला छप्परसुद्धा नाही, आणि कोणीतरी दरवर्षी तिथे चढून खोटी खिडकी रंगवत होतं. कोण असेल असा वेडा?"

मग रोनाने आमच्या तोंडांकडे बघितलं आणि तिचा घास तसाच राहिला.

"कुंपणाचं फाटक," मायसी हळूच म्हणाली. "दर एप्रिलमध्ये त्याच्या हाताला पांढरा रंग असायचा. मी विचारलं की म्हणायचा, फाटक रंगवलं. आणि फाटक खरंच रंगवलेलं असायचं."

ती उठली आणि बाहेर गेली.

घरी येऊन मी हेक्टरला सांगितलं. तो शांतपणे सूप पीत म्हणाला, "हो, आंधळी खिडकी आहे ती. सगळ्यांना ठाऊक आहे."

"सगळ्यांना म्हणजे?"

"माझ्या बापाला ठाऊक होतं. गवंड्यांना ठाऊक आहे. का, मायसीला नव्हतं?"

"तुम्ही पुरुष ना!" मी ओरडले. "सतरा वर्षं मी त्या खिडकीखाली चादरींच्या घड्या घालतेय. मला तरी सांगायचंस!"

"तू विचारलंस कधी?" त्याने विचारलं. त्याला माझा राग खरंच कळला नव्हता.

मायसी महिनाभर कोणाशी धड बोलली नाही. दर रविवारी चर्चमधून निघाली की ती डॉडच्या थडग्याशी थांबायची. त्या महिन्यात ती सरळ पुढे निघून गेली, एकदाही मान न वळवता. मी गेले तर नुसतं काम करायची. एके सकाळी उशीचा अभ्रा झटकता झटकता एकदम म्हणाली, "चाळीस वर्षं, पोरी. माझ्या तोंडावर. निळा कागद! फळीवर शिंपले! त्या मुलाच्या नावाने मी रडलेय, माहीत आहे तुला? जो मुलगा कधी नव्हताच."

"तुला दुखवायला नाही केलं त्याने."

"ते मलाही कळतं. मूर्ख नाहीये मी." तिने अभ्रा पुन्हा झटकला. "सुरुवातीला एक थाप मारली असेल, पोरगी बोलायची थांबू नये म्हणून. ते मी समजू शकते. पण मग लग्नानंतर एक दिवस हसून सांगायचं होतं ना. मी दोन दिवस फुगले असते, तिसऱ्या दिवशी विसरले असते."

"मग का नाही सांगितलं असेल?"

तिने अभ्रा दोरीवर टाकून चिमटा लावला. "मूल झालं नाही तेव्हा मी त्या खोलीबद्दल फार विचारायला लागले होते," ती म्हणाली. "त्यानंतर त्याला सांगता आलं नसेल."

जूनच्या शेवटी परांची उतरवायची होती. आदल्या दिवशी दुपारी मायसी एप्रन सोडून रोनाकडे गेली. "मला वर जायचंय."

रोना घाबरली. "मायसी, तुम्ही सदुसष्ट वर्षांच्या आहात."

"डॉड त्याच्या शेवटच्या एप्रिलमध्ये चौसष्टचा होता. आणि त्याला पायऱ्यांची परांची नव्हती."

ती चढली. पुढे रोना, मध्ये मायसी, मागे मी. वर फळ्यांवर आम्ही तिघी उभ्या राहिलो. खिडकी जवळून अगदीच साधी होती. दगडाची चौकट, आत हातभर खोल खाच, आणि तिच्यात काळा रंग फुगून पोपडे आलेला. पांढऱ्या पट्ट्या मात्र सरळ होत्या. एका कोपऱ्यात करड्या रंगाची बारीक तिरपी रेघ मारली होती, काचेवर उजेड पडतो तशी. मायसीने त्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे रीतीत बसतं का?" तिने रोनाला विचारलं.

"नाही," रोना म्हणाली. "हे कोणी करत नाही. खालून दिसणारसुद्धा नाही ते."

मायसीने पाठ भिंतीला टेकवली आणि खाली बघितलं. धुलाईघराचं छप्पर, त्याच्यावरचं धुराडं, हिरवळीवर सकाळी आम्हीच घातलेल्या सहा चादरी. टेकाडावर कबुतरखाना, त्याच्या पलीकडे जवाची शेतं, आणि थेट टोकाला समुद्राची करडी पट्टी. तिला माहीतच नव्हतं की इथून समुद्र दिसतो. ती फार वेळ उभी होती. वाऱ्याने तिचे पांढरे केस सुटले होते.

"इथून मी केवढी दिसत असेन?" तिने विचारलं.

"खाली कोणीतरी उभं राहिलं तर कळेल," रोना म्हणाली.

म्हणून मी खाली उतरले. हिरवळीवर जाऊन चादरींच्या मध्ये उभी राहिले, हात वर करून हलवला. वरून तिचा आवाज आला, वाऱ्याने अर्धा तुटलेला. "थोडी उजवीकडे! दोरीपाशी! मी तिथे उभी असायचे!" मी सरकले. मग ती कितीतरी वेळ बघत राहिली. मी तिथेच उभी राहिले. हात दुखायला लागला तरी खाली घेतला नाही.

उतरल्यावर ती रोनाला म्हणाली, "रंग खरवडू नका. आणि नवा लावूही नका."

"मग काय करू?"

"काही नको. जाईल तेव्हा जाईल."

त्या रविवारी ती थडग्याशी थांबली. मी लांब उभी होते. ती काय बोलत होती ते ऐकू आलं नाही, पण रागावत होती एवढं हातांवरून कळत होतं.

त्यानंतर आठ वर्षं मायसी होती. सत्तरीनंतर खाणावळींच्या चादरी बंद केल्या, तरी मी रोज जायचे. चहा घ्यायचो, हवामानाला नावं ठेवायचो. त्या खोलीबद्दल ती पुन्हा बोलेल असं मला वाटलं नव्हतं. पण शेवटच्या हिवाळ्यात, पाय सुजून ती खुर्चीतच बसून असायची तेव्हा, मी तिच्या पायांवर गरम फडकं ठेवत होते. ती एकदम म्हणाली, "खुर्चीचं कापड हिरवं होतं."

"कुठल्या खुर्चीचं?"

"त्याच खुर्चीचं. मी एकदा विचारलं तेव्हा त्याने हिरवं सांगितलं. मग दोन हिवाळ्यांनी तपकिरी म्हणाला. मी पकडला त्याला. म्हटलं, हिरवं म्हणाला होतास. तर म्हणतो कसा, ऊन लागून उडालं." ती हसायला लागली, मग खोकला आला, मग थांबली. "पडदा बंद असलेल्या खोलीत ऊन लागून. मी ते ऐकून घेतलं, बघ. काही बोललेच नाही."

मी फडकं बदललं.

"मला एकदा भेटायला हवा तो," मायसी म्हणाली. "जास्त नाही, पाच मिनिटं. चांगला झापायचाय मला त्याला. अगदी नाव घेऊन घेऊन. मग चहा देईन."

"आणि मग?"

"मग विचारीन की अजून काय काय होतं त्या खोलीत. पलंगाखाली काय होतं, ते त्याने कधी सांगितलंच नाही."